शंभर मैल चालत गेला, पण परीक्षेला बसूच दिलं नाही! महर्षी कर्वेंच्या अभ्यासाची गोष्ट

दापोली तालुक्यातलं मुरुड हे समुद्रकाठचं गाव. आज तिथं पर्यटकांच्या गाड्या लागतात. दीडशे वर्षांपूर्वी तिथं पुढं शिकायचं म्हटलं तर एक तर होडी-बोटीनं जायचं, नाही तर पायी. धोंडो केशव कर्वे या मुलाचं लहानपण याच गावात गेलं. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घरची परिस्थिती बेताचीच.

गावच्या शाळेत सोमण गुरुजी होते. पुस्तकाबाहेरचंही वाचायची सवय त्यांनी मुलांना लावली. धोंडो गावच्या देवळात बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. मुलगा स्वभावानं भारी लाजाळू. पण चार माणसांत मोठ्यानं वाचायचं म्हणजे आधी आपल्याला ते नीट समजायला हवं. अभ्यासाची ही पहिली सवय त्याला घरात नाही, देवळात लागली.

पुढं मराठी सहावीची परीक्षा आली. त्या काळी ती पास झाली की नोकरीचा दरवाजा उघडायचा. साल १८७५. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. धोंडो आणि त्याचे सोबती पायीच निघाले. पावसापाण्याचे दिवस, मध्ये कुंभार्लीचा घाट, अंतर शंभर मैलांच्या वर. रात्रंदिवस पाय ओढत पोरं साताऱ्याला पोचली.

परीक्षेला बसायला वयाची १७ वर्षं पूर्ण लागत. धोंडोची ती झाली होती. पण अंगानं किरकोळ, दिसायला लहान. समितीच्या साहेबांना काही ते पटलं नाही. त्याला बाहेर काढलं. एवढी पायपीट करून हातात प्रश्नपत्रिकासुद्धा आली नाही! पोरगा खचला नसेल, असं कोण म्हणेल?

पण त्यानं पुस्तक बंद केलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला. साताऱ्यात वाया गेली ती खेप. केलेला अभ्यास वाया गेला नव्हता.

त्यानंतर इंग्रजी शिक्षण. तेही सरळ झालं नाही. मॅट्रिक पास व्हायला १८८१ साल उजाडलं. तेव्हा कर्वे २३ वर्षांचे होते, लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. या वयात बरोबरीची मुलं नोकरीला लागून संसारात रमलेली. कर्वे मात्र मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. खर्च भागवायला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि उरल्या वेळात स्वतःचा अभ्यास. १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी.ए. झाले. गणित हा विषय एका रात्रीत होत नाही. रोज थोडी उदाहरणं सोडवावीच लागतात. आणि जे दुसऱ्याला समजावून सांगता येतं, ते आपलं पक्कं होतं. शिकवण्यांचा तो दुसरा फायदा.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले आणि १९१४ पर्यंत तिथंच शिकवत राहिले. मधल्या काळात, १८९६ मध्ये, विधवा आणि निराधार मुलींसाठी त्यांनी संस्था काढली. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. रस्ता धड नव्हता. कॉलेज सुटलं की कर्वे सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचे. लोकांची टीका, बहिष्कार सोसला, पण हा नेम मोडला नाही. त्याच कामातून पुढं १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं.

वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, ते पुन्हा खेड्याकडं वळले. ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तिथं प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांची वाचायची सवय टिकावी, हाही त्यांचा आग्रह होता. अक्षरओळख झाली आणि पुढं वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही, हे खेड्यातून आलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

१९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले.

कर्वे पहिल्याच झटक्यात पुढं गेलेले विद्यार्थी नव्हते. परीक्षा हुकली, वर्षं गेली, मॅट्रिकला उशीर झाला. सुटली नाही ती रोज थोडं वाचायची, समजलेलं दुसऱ्याला सांगायची आणि अडलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा बसायची सवय. ज्या घरात यंदा कुणाचा निकाल मनासारखा लागला नाही, त्या घरात ही गोष्ट आज मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही.