पाटीलबाबांच्या फौजेतले जखमी

आपण ग्वाल्हेरकर रोज ‘लष्कर’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे बाजार येतो. फौज येत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचेच हे नाव. त्यांच्या आधीच्या महादजींचे ठाणे उज्जैनला. पण शिंद्यांच्या फौजेला घडवले ते महादजींनीच. त्यांच्या लढाया आणि दिल्लीचे राजकारण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या फौजेतल्या जखमी शिपायाचे पुढे काय होई, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

महादजी स्वतःच जखमी शिपाई होते. कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे हे पुत्र. त्यांचे वडील बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगाफटक्याने गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या पळापळीत एका अफगाण स्वाराने पाठलाग करून महादजींच्या पायावर घाव घातला. तो पाय जन्मभर अधू राहिला. रस्त्यात पडलेल्या त्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजींनी या भिस्त्याला पुढे भाऊ मानले, जहागीर दिली, सरदार केले. १७८८ मध्ये गुलाम कादिरच्या पाठलागावर गेलेल्या फौजेचा राणेखान हा एक मुख्य सरदार होता. उपकाराची फेड इतक्या मोकळ्या हाताने झालेली आम्हाला तरी त्या काळात दुसरी आठवत नाही.

पण एकट्या राणेखानाचे भले झाले म्हणून फौजेचे होत नाही. १७८७ मध्ये लालसोटला महादजींना हे कळून चुकले. पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह जयपूरकरांना जाऊन मिळाल्या आणि महादजींना मागे हटावे लागले. सरकारच्या तिजोरीत पैसा येईल तेव्हा शिपायाला मिळेल, ही जुनी रीत. जखमी माणसाला तेवढी वाट पाहणे कसे परवडावे?

सव्हॉयचा सरदार द बॉयन १७८४ पासून त्यांच्या चाकरीत होता. १७९० पासून त्याच्या कवायती पलटणींचे कंपू उभे राहिले. त्यांच्या खर्चासाठी महादजींनी गंगा-यमुनेच्या दुआबातला, अलीगढच्या आसपासचा मुलूख तोडून दिला. वसुली त्या मुलखातून, खर्च त्या कंपूंवर. दरबारातल्या तंगीशी संबंध उरला नाही. खरी मेख इथेच होती. शिपायाला जखम झाली की जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पगाराइतकी रोख रक्कम मिळे, आणि बरा होईपर्यंतचा पगार कापला जात नसे. कायमचा निकामी झालेल्याला जन्मभर अर्धा पगार आणि वर जमीन. मेलेल्याची चीजवस्त त्याच्या नातलगांच्या हाती जाई. नियम द बॉयनचे होते हे खरे, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण मुलूख पाटीलबाबांचा होता, आणि असे नियम चालू देणारा धनीही तेच. लंगडत चालणाऱ्या माणसाला या खर्चाचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागले नसणार.

पाटण आणि मेडता या १७९० च्या दोन्ही लढाया याच कंपूंनी जिंकल्या. दोन वर्षांनी महादजी बादशहाची वकील-इ-मुतलकीची वस्त्रे पेशव्यांसाठी घेऊन पुण्याला गेले. एवढा दबदबा असताना स्वतःला पाटीलच म्हणवून घेत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत त्यांचे निधन झाले. आज तिथे शिंद्यांची छत्री आहे. द बॉयन पुढच्याच वर्षी चाकरी सोडून निघाला आणि शेवटी आपल्या शांबेरी गावी जाऊन राहिला. हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशातून त्याने गावच्या इस्पितळाला आणि वृद्ध-निराधारांच्या आश्रयस्थानाला मोठ्या देणग्या दिल्या. गावकऱ्यांनी त्याच्या आठवणीसाठी कारंजे बांधले. त्यावर चार हत्ती आहेत.