मोल्सवर्थसाहेबांचा कान

नववीत असताना पावसाळ्यातील एका रात्रीवर निबंध लिहायचा होता. आमच्या घराची मागची भिंत धाडदिशी पडली, असे मी लिहिले. शिक्षकांनी त्या 'धाडदिशी'वर तांबडी रेघ ओढली आणि समासात शेरा दिला, ग्राम्य. त्या भिंतीखाली आमची शेळी गेली होती, तिच्याबद्दल शेरा नव्हता. तेव्हापासून मी असले शब्द लिहायचे सोडले. मोठा आवाज झाला, असे लिहू लागले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. तेव्हा घरचे बोलणे घरातच ठेवायचे असते, अशी मी समजूत करून घेतली.

गेल्या वर्षी ग्रंथालयात एक जाडजूड कोश हाती आला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, पुण्यात १९७५ साली पुन्हा छापलेला. सहज 'ध' काढला, तर 'धाडकन'च्या मांडीला मांडी लावून 'धाडदिशी' बसलेला! मग हे गृहस्थ कोण, याचा शोध सुरू केला.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. विशी गाठण्यापूर्वीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आले. मराठी शिकताना पुरेसा कोश हाताशी नव्हता, म्हणून स्वतःच शब्द टिपू लागले. पुढे मुंबई सरकारने या कामाला आश्रय दिला. मदतीला मराठी पंडित आले आणि थॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊही आले. १८३१ साली कोश बाहेर पडला. प्रकृती साथ देईना म्हणून १८३६ साली ते मायदेशी गेले आणि इंग्रजी-मराठी कोशाचे राहिलेले काम थॉमस कँडी यांनी १८४७ साली पुरे केले. लष्करी नोकरी आपल्या धर्मश्रद्धेशी जुळत नाही म्हणून ती त्यांनी सोडली होती. कोशाने मात्र त्यांना सोडले नाही. सुधारलेल्या आवृत्तीसाठी १८५१ साली ते पुन्हा आले. देशात बंडाचा वणवा पेटला त्याच १८५७ साली सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली. १८७१ साली इंग्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

मला मोह पडला तो त्यांच्या कानाचा. अनुकरणाने झालेल्या शब्दांना त्यांनी तशी खूण दिली आहे, आणि ती खूण पानोपानी भेटते. संस्कृतातून आलेला शब्द पोथीत सापडतो. खळखळ, सळसळ, फडफड हे शब्द कुठल्या पोथीत शोधणार? ते माणसांच्या तोंडूनच उचलावे लागतात. कन, कर, दिनी, दिशी ही चार शेपटे ते एकाच नोंदीत ओळीने मांडतात. कोणते शेपूट शिष्टांचे आणि कोणते शेतातले, अशी पंगत वेगळी केलेली नाही.

शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार पाठ केले होते, त्यांतला तिसरा अनुकरणवाचक. परीक्षेपुरते ते ठीक. कोश चाळताना मात्र दिसू लागले, की 'धाडकन' म्हणजे एकदाच आणि 'धाडधाड' म्हणजे चालूच. ओढा खळखळतो, पण संथ झरा झुळझुळतो. तिथे शब्द बदलला तर पाण्याची खोलीच बदलते. आणि 'कडकड'पासून निघालेला 'कडकडीत' पाहा! कडकडीत ऊन, कडकडीत उपास. त्यांत आवाज कुठे उरला? आवाज गेला, कडकपणा राहिला.

हा सगळा खटाटोप साहेबलोकांना राज्य चालवायला मराठी यावी म्हणून होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय मुखपृष्ठावर नाव साहेबांचे. ज्या बायाबापड्यांच्या तोंडचे हे शब्द, त्यांची नावे कुठेच नाहीत. तरीही माझ्या आजीचा शब्द छापील पानावर मला पहिल्यांदा भेटला तो या परक्या माणसाच्या कोशात, आणि याचे मला थोडे वाईटही वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात आजीला ही हकीकत सांगितली. तुझा धाडदिशी पुस्तकात आहे, म्हटले. आजी तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिने विचारले, की भिंत धाडदिशी पडली असे तुला सांगितले कोणी? धाडदिशी दार लागते. मातीची ओली भिंत तशी पडत नाही. त्या रात्री आधी माती भुरूभुरू सुटत होती, शेळी दावे ओढून ओढून ओरडत होती, आणि मग भिंत भसदिशी खाली बसली. आजी जागीच होती. मी झोपले होते.

वही काढून मी ते तिच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतले.