वेगवेगळ्या यंत्रांना बोलते करणारे जॉन पोस्टेल



काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका एका पालकांनी घरच्या लिनक्स संगणकावर टाईप करून पाठवली. कार्यालयातल्या संगणकावर उघडली, तर सगळ्या पत्रिकेची एकच लांबलचक ओळ! ईशस्तवन, स्वागतगीत, आभारप्रदर्शन सगळे एकमेकांना चिकटलेले. अक्षर एकही गळाले नव्हते. फक्त ओळ कुठे संपते, याची खूण दोन ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळी धरत होत्या. त्या निमित्ताने थोडे वाचन झाले आणि जॉन पोस्टेल यांची ओळख झाली. ती आज तुम्हाला करून देते.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म 6 ऑगस्ट 1943 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना येथे झाला. व्हॅन नाईस येथील शाळेत त्यांचे गुण बेताचेच होते. (पालकांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावे.) संगणकाची गोडी त्यांना लागली ती गावातल्या साध्या कॉलेजात. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ते 1966 मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि 1974 मध्ये तिथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

ते विद्यार्थी असतानाच, 1969 मध्ये, अर्पानेट हे जाळे त्याच विद्यापीठातून सुरू झाले. वर्षअखेरीस त्यात चार ठिकाणचे संगणक जोडले गेले, आणि चारही वेगळ्या जातीचे! लॉस एंजेलिसला सिग्मा 7, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एसडीएस 940, सांता बार्बराला आयबीएम 360, युटाला पीडीपी 10. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी. आयबीएमची अक्षरांची सांकेतिक लिपीसुद्धा वेगळी. पीडीपी 10 आपली माहिती 36 बिटांच्या गठ्ठ्यात ठेवी, तर सिग्मा 7 चा गठ्ठा 32 बिटांचा. तारा जोडल्या म्हणून फाईल इकडची तिकडे कशी जाणार?

सर्वांनी एकाच कंपनीचे यंत्र घ्यावे, हा एक उपाय होता. पण या तरुणांनी तो धरला नाही. प्रत्येक यंत्राने आपल्या घरात आपली रीत ठेवावी, बाहेर पडताना मात्र सर्वांनी ठरवलेल्या एका सामाईक रीतीने बोलावे, असे ठरले. आपल्याला इंदुरात हे वेगळे समजवायला नको. घरात मराठी, आणि सराफ्यात पाऊल टाकले की हिंदी. त्यामुळे कोणाचीच मातृभाषा बुडत नाही आणि व्यवहारही अडत नाही.

फाईल पाठवण्याच्या या रीतीला एफटीपी म्हणतात. तिचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीत होते. पोस्टेल यांनी 1980 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 1985 मध्ये जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासह ती रीत नीट बांधून लिहिली. मजकुराची फाईल असेल तर पाठवणारा संगणक ओळींच्या खुणा सामाईक पद्धतीत बदलून देतो आणि घेणारा त्या आपल्या पद्धतीत फिरवून घेतो. छायाचित्र किंवा प्रोग्राम असेल, तर एका बिटालाही हात न लावता जसेच्या तसे पाठवायचे. फोटो चुकून मजकूर म्हणून पाठवला, की तो बिघडलाच! आमच्या पत्रिकेला पहिली रीत मिळाली असती, तर ओळी जागच्या जागी राहिल्या असत्या.

इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपी आणि आयपी या नियमांचे 1981 चे दस्तऐवज पोस्टेल यांनीच संपादित केले. ई-मेल पाठवण्याचे 1982 चे नियमही त्यांचेच. दुसऱ्याकडून आलेले थोडे वेडेवाकडे असले तरी समजून घ्यावे, आपण पाठवताना मात्र काटेकोर असावे, असे तत्त्व त्यांनी 1980 च्या सुमारास यंत्रांसाठी लिहून ठेवले. असे सगळे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित टिपणांत छापले जात आणि ती टिपणे कोणालाही फुकट मिळत. 1969 पासून अखेरपर्यंत त्यांचे संपादन पोस्टेल यांनी सांभाळले. लांब दाढी, पायांत सँडल, सुट्टीत पाठीवर सामान बांधून डोंगरांत भटकंती, असा हा गृहस्थ होता.

कोणत्या जाळ्याला कोणता क्रमांक, कोणत्या देशाला कोणती दोन अक्षरे, याची वहीही त्यांच्याकडेच असे. देश कोणता आणि कोणता नाही, हा वाद त्यांनी स्वतःकडे घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी त्यांनी स्वीकारली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

पण एवढी सत्ता एका माणसाच्या शब्दावर चालावी का? हा प्रश्न 28 जानेवारी 1998 रोजी उभा राहिला. इंटरनेटवरील नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या चालकांपैकी आठ जणांना पोस्टेल यांनी ई-मेल पाठवला. यादी नेहमीच्या मुख्य संगणकाऐवजी आपल्याकडून घ्यावी, असे त्यात सांगितले होते. सगळ्यांनी ते ऐकले. इंटरनेट कुठे थांबले नाही, पण अमेरिकन सरकार खडबडून जागे झाले आणि काही दिवसांत सारे पूर्ववत करावे लागले. त्यांनी ती एक चाचणी असल्याचे सांगितले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण न विचारता हे करायला नको होते, असे मला वाटते. मात्र आठ जणांनी एका ई-मेलवर ऐकले, ते काही त्यांच्या पदाकडे बघून नव्हे. एवढा विश्वास कमवायला त्यांची तीस वर्षे गेली होती.

त्याच वर्षी हे काम एका संस्थेकडे सोपवण्याचे ठरले आणि सप्टेंबरमध्ये आयकॅन स्थापन झाली. पोस्टेल तिच्या उभारणीत गुंतले होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर 16 ऑक्टोबर 1998 रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे 55. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या शाळेतच शिकलेले व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर श्रद्धांजलीचा लेख लिहिला. तो आरएफसीच्या त्याच मालिकेत, 2468 या क्रमांकाखाली प्रसिद्ध झाला.