कावसजी : नवे नाक लाभलेला मराठा

राजे आणि सेनापती यांची चरित्रे आपण नित्य वाचतो. आज आम्ही सभासद कुटुंबांपुढे एका साध्या चाकरमान्याचे चरित्र ठेवीत आहोत. शल्यशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव जगभर ठाऊक आहे.

ज्या इंग्रज कंपनीने पूर्वी आपल्या सुरतेत वखार थाटली, तिच्याच फौजेत कावसजी बैल हाकण्याची चाकरी करी. तो शेतकरी जातीचा मराठा होता. इ. स. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढे कंपनीकडून त्यास निवृत्तिवेतन मिळू लागले. तथापि वर्षाहून अधिक काळ त्यास नाकावाचून राहावे लागले. आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. त्याने लोकांत कसे तोंड दाखविले असेल, याची कल्पनाच करावी.

अखेर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. सुश्रुतसंहितेत पानाचे माप घेऊन गालाच्या त्वचेने नाक करण्याचा विधी आहे. येथे मात्र कपाळाची त्वचा घेत. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्या मापाने त्वचा सोडवीत. दोन्ही डोळ्यांमधील एक अरुंद पट्टी मात्र न कापता राखीत. तिच्यातून रक्त वाहत राही, म्हणून खाली वळविलेली त्वचा जिवंत राहून नव्या जागी रुजे. सांध्यावर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापणे, असा हा क्रम असे.

हा वृत्तांत कावसजीच्या चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापला गेला. त्यात कारागिराचे नाव मात्र आले नाही. इ. स. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि ‘भारतीय पद्धत’ या नावाने ती युरोपात पसरली.

आजही नाकावरील त्वचेचा कर्करोग कापून काढल्यावर कपाळाच्या त्वचेने नाक पुन्हा घडवितात. काही जखमांवर त्वचेऐवजी कृत्रिम आवरण बसवितात. त्यास स्वतःचा रक्तप्रवाह नसतो. जखमेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यात शिरल्या म्हणजे तेथे नवे ऊतक धरते, आणि पुष्कळदा मागाहून त्यावर रोग्याच्याच त्वचेचा पातळ थर लावावा लागतो. अशी काही आवरणे गाईच्या वा डुकराच्या ऊतकापासून बनतात. ज्यांस याविषयी संकोच वाटेल, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच वैद्यांस मोकळेपणाने विचारावे. दुसरे उपायही असतात. संकोचापायी उपचारच टाळणे मात्र आम्हांस उचित वाटत नाही.

असो. कावसजीस पुन्हा चारचौघांत बसता आले, ते ज्याच्या हातांमुळे, त्या अनाम कारागिरास आमचे वंदन.