पाथरीचा किल्ला आणि बुऱ्हाण निजामशाह

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे आज तालुक्याचे गाव आहे. सोळाव्या शतकात मात्र ते वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवरील ठाणे होते. चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशाह यांच्या चरित्रातील या ठाण्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

बुऱ्हाण वयाच्या सातव्या वर्षी गादीवर आले. फेरिश्ता या इतिहासकाराच्या मते त्यांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. आजोबा बालपणी विजयनगरच्या मोहिमेत बहामनी सैन्याच्या हाती सापडले व मुसलमान झाले. पुढे आप्तांच्या आग्रहावरून अहमदनगरने दुसऱ्या अधिक उत्पन्नाच्या प्रदेशाच्या मोबदल्यात पाथरी मागितली. इमादशाहाने नकार देऊन तेथे तटबंदी सुरू केली. १५१८ साली बुऱ्हाण यांच्या फौजेने पाथरी घेतली. ती हातची गेली, पण १५२७ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. या वेळी त्यांनी किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण आप्तांना दान दिला.

१५५३ साली ते निधन पावले. धर्म निराळा झाला तरी रक्ताचे नाते तुटले नाही. मात्र त्या नात्याची किंमत दोन्हीकडच्या शिपायांनी आणि रयतेने मोजली, याचेही स्मरण आपण ठेवावयास हवे.