मक्केहून आलेलं मूल आणि दहा विद्यार्थ्यांचा नियम

११ नोव्हेंबरला शाळाशाळांतून मौलाना अबुल कलाम आझादांच्या फोटोला हार घालतात. भाषणात आयआयटी येते, यूजीसी येते, टाळ्या होतात. पण देशाचे हे पहिले शिक्षणमंत्री स्वतः दुसऱ्या मुलखातून आलेलं मूल होते, हे आपण मुलांना फारसं सांगत नाही.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केचा. वालिद मौलाना खैरुद्दीन मूळचे हिंदुस्थानचे, वालिदा अरब घराण्यातल्या. त्यामुळे मौलानांची मादरी जबान अरबी. वालिदांचा पाय मोडला, इलाजासाठी कुटुंब कलकत्त्याला आलं. थोडे दिवस राहून परत जायचा बेत होता, पण मुरीदांनी जाऊ दिलं नाही. घरात अरबी, रस्त्यावर बंगाली, आणि पुढे ज्या भाषेत नाव कमावलं ती उर्दू!

शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. वालिदांना इंग्रजी तालीम पसंत नव्हती, म्हणून आधी त्यांनी स्वतःच शिकवलं, मग विषयागणिक उस्ताद घरी येऊ लागले. सर सय्यदांचं लिखाण वाचल्यावर मात्र मौलानांना वाटलं की आजचे इल्म शिकल्याशिवाय माणूस खरा शिकलेला नाही. मग इंग्रजीची मुळाक्षरं गिरवली आणि इंग्रजी बायबल फारसी, उर्दू तरजुम्याशी ताडून वाचलं. माहीत असलेल्या भाषेचा हात धरून नवी भाषा शिकायची. बीएडला आम्हाला हेच शिकवलं, फक्त नाव मोठं होतं.

१९१२ ला ‘अल-हिलाल’ निघालं. १९१६ पासून इंग्रजांनी त्यांना रांचीत नजरकैदेत ठेवलं, तर तिथंही त्यांनी मदरसा उभा केला.

१९४७ ला शिक्षणखातं हाती आलं, तेव्हा फाळणीने लाखो मुलं घरं सोडून आली होती. कल्याणजवळच्या छावणीत, आजच्या उल्हासनगरात, सिंधी बोलणारी मुलं होती. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. तिथं ठरलं ते आम्हाला आयआयटीइतकंच मोलाचं वाटतं: वर्गात एका भाषेची १० मुलं किंवा सगळ्या शाळेत ४० असतील, तर त्यांच्या भाषेतून शिकवणारा निदान एक शिक्षक द्यायचा. प्रादेशिक भाषा तिसरीच्या आधी आणायची नाही, पण प्राथमिक संपेपर्यंत आणायचीच. आणि मुलाची मादरी जबान कोणती, हे मायबाप सांगतील तेच खरं.

हे शेवटचं आपल्या कामाचं आहे. भिवंडी-मालेगावात यंत्रमागाच्या कामाला उत्तर प्रदेश-बिहारहून येणाऱ्यांची मुलं घरी भोजपुरी, अवधी बोलतात, वर्गात उर्दू ऐकतात, दुकानात मराठी. दाखल्याच्या फॉर्मवर भाषेचा रकाना असतो आणि तो कुणीतरी घाईत भरून टाकतं. पोरगं महिनाभर गप्प बसलं की ‘अभ्यासात कच्चं’ असा शेरा पडतो. गप्प बसणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अम्मी-अब्बूंनी हे शाळेत येऊन सांगायला हवं.

१९४९ चा ठराव कायदा नव्हता. भाषावार राज्यं झाली तेव्हा, १९५६ मध्ये, सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यांनी सोय करावी, असं ते सांगतं. मौलाना तेव्हाही शिक्षणमंत्रीच होते. २२ फेब्रुवारी १९५८ ला दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे.