पंडिता रमाबाई आणि अमेरिकेतील मंडळ्या

उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर पुराण सांगणारे शास्त्रीबुवा आम्ही सर्वांनीच पाहिले आहेत. समोर पंचा पसरलेला, त्यावर थोडे तांदूळ व चिल्लर, भोवती दहापाच यात्रेकरू. पंडिता रमाबाईंचे बालपण अशाच पंच्याशेजारी गेले, असे शब्बाथ शाळेत सांगितले की मुले एकदम सावरून बसतात. म्हणून आम्हीही येथूनच आरंभ करतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते रमेला दिले. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पुराण सांगत हिंडले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व बहीण गेली. उरलेली बहीणभावंडे चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला, बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली कडेवर मनोरमा असतानाच वैधव्य आले. हा भाग बहुतेक वाचकांना पाठ आहे. आम्हांला सांगावयाचे आहे ते त्यापुढचे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबरला त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपसाहेबांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांस शिकविणे त्यांना रुचले नाही. मतांच्या बाबतीतही मंडळीने शिकविले तेवढे मुकाट्याने मानावे, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन ह्यांना लांबलचक पत्रे लिहून आपला नकार कळविला. प्रभूला त्यांनी धरले होते. पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्याची त्यांची तयारी नव्हती. जेराल्डीनबाई प्रेमळ होत्या, तरी त्यांना हे शेवटपर्यंत पुरते उमगले नाही असे आम्हांस वाटते.

अशा मनःस्थितीत त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते नात्यातल्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या डॉक्टरीच्या पदवीदानाचे. तो समारंभ फिलाडेल्फियात ११ मार्च १८८६ रोजी झाला. रमाबाई थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या, त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या.

इंग्लंडात मंडळी राज्याची होती. अमेरिकेत तसे नव्हते. बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात आहे तेथे पूर्वी मंडळीसाठी कर घेत असत. तो १८३३ साली बंद झाला. रमाबाई पोचल्या तेव्हा पाळकाचा पगार, मंदिराची डागडुजी, परदेशचे मिशन, सारे सभासदांच्या वर्गणीवर चालले होते. त्यातही बायकांचा हात मोठा. स्त्रियांची स्वतंत्र मिशन-मंडळे निघाली होती. घरखर्चातून आठवड्याला दोन सेंट बाजूला काढून ती दूरदेशी शिक्षिका व डॉक्टरणी पाठवीत. दारूबंदीसाठी झटणारा स्त्रियांचा संघ १८७४ पासून चालू होता, आणि त्याच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड रमाबाईंच्या स्नेही झाल्या.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन. उपाध्यक्षांत ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रूक्स एपिस्कोपल, लायमन ॲबट काँग्रिगेशनल, आणि विलर्डबाई मेथडिस्ट. एरवी एकमेकांच्या व्यासपीठावर क्वचितच दिसणारी ही माणसे एका हिंदी विधवेच्या शाळेसाठी एकत्र बसली. गावोगावी रमाबाई मंडळे निघाली आणि सभासदांनी दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे कबूल केले.

पण सगळेच चित्र उजळ नव्हते. १८८८ च्या मे महिन्यात मेथडिस्ट मंडळीची मोठी परिषद न्यूयॉर्कला भरली. रीतसर निवडून आलेल्या पाच स्त्री-प्रतिनिधींना तिने जागा नाकारली, आणि त्यांत विलर्डबाई होत्या. ज्यांच्या वर्गणीवर काम चाले त्यांना ठरावात मत नव्हते. आमच्या पाहण्यातल्या एका मंडळीतही कापणीच्या सणाची सारी वर्गणी बायका गोळा करीत आणि हिशेबाच्या सभेला चहा देऊन बाहेर बसत. तेव्हा अमेरिकेला नावे ठेवण्याची घाई आम्ही करीत नाही. तेथील पुढची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. मेथडिस्टांनी १९०४ साली परिषदेत स्त्रियांना बसविले आणि १९५६ साली पाळकपणाचा पूर्ण हक्क दिला. रमाबाई ज्या फिलाडेल्फियाला उतरल्या तेथेच १९७४ साली अकरा एपिस्कोपल स्त्रियांना, नियम नसताना, दीक्षा मिळाली. दोन वर्षांनी नियम झाला. आणि फिलिप्स ब्रूक्स पुढे ज्या मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले, तेथे १९८९ साली बार्बरा हॅरिस ह्या कृष्णवर्णीय बाई साहाय्यक बिशप झाल्या. त्या मंडळीच्या जगभरच्या परिवारातील पहिल्या स्त्री-बिशप त्याच.

रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले. ते १८८९ साली निघाले. त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईस शारदा सदन उघडले, व पुढे पुण्यास हलविले. सदनात धर्माची सक्ती नसावी असे ठरले होते आणि सक्ती नव्हतीही. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. एवढ्यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनने मात्र रमाबाईंची साथ सोडली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या आजच्या मध्य प्रदेशात फिरून अनाथ मुली घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन वाढले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. मुक्ती कोणत्याही एका पंथाची नव्हती. शेती, विणकाम, छापखाना, शास्त्राभ्यास, प्रार्थनेच्या टोळ्या, सारे बायका चालवीत. अमेरिकेत बायकांनी बाहेरून पेललेले काम येथे आतूनही त्यांच्याच हाती आले.

१९०५ साली मुक्तीत मोठे संजीवन झाले. तेथे काम करणाऱ्या अमेरिकन मिनी एब्रॅम्स ह्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतील मैत्रिणीला पाठविली. १९०९ साली तेथील मेथडिस्टांत जी जागृती झाली तिचे एक मूळ ह्या पुस्तिकेत आहे. अमेरिकेतील नव्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांतही मुक्तीची वार्ता गेली. तोपर्यंत संजीवन पश्चिमेकडून येते असेच आपल्याकडे धरून चालत.

इंदूर-महूला १८७७ साली कॅनडाचे मिशन आले आणि पुढे उज्जैनला पोचले; १९७० साली उत्तर भारतातील मंडळ्या एक झाल्या. आमचे कारभारी आता आमच्यातलेच आहेत. रमाबाईंनी हे पाऊण शतक आधी केडगावात करून ठेवले होते.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यात घालविली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ज्यांच्यावर सारा भार सोपवायचा त्याच आधी गेल्या, तरी म्हाताऱ्या आईने लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतर संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ते शास्त्र १९२४ साली केडगावला मुक्तीच्याच छापखान्यात छापून झाले. टाइप जुळविणारे हात मुक्तीतल्या बायकामुलींचे होते.